चार नंबरवरच्या उंच चेंडूखेरीज आक्रमणाचे पर्याय शालेय संघाला कसे शिकवावेत?

प्रश्न : क्रीडाशिक्षिका, खानापूर तालुका

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची तयारीही माझ्याकडेच आहे. संघात बारा मुली आहेत. मैदान एकच, तेही कडक तांबड्या मातीचे, आणि पावसाळ्यात ते बरेच दिवस निसरडे असते. शाळा सुटल्यावर बहुतेकींना गावाकडची बस गाठायची असते, त्यामुळे सरावाला जेमतेम एक तास मिळतो. बरे म्हणावेत असे चेंडू चारच आहेत.

सर्व्हिस आणि पहिला पास याबाबतीत मुली समाधानकारक आहेत. प्रश्न आक्रमणाचा आहे. क्लस्टर पातळीवर आमचे निभावून जाते. परंतु तालुक्याच्या सामन्यांत जरा सरस संघ समोर आला की आमचा खेळ अडतो, कारण आमचा जवळजवळ प्रत्येक चेंडू चार नंबरवर (जाळीकडे तोंड केल्यावर पुढे डावीकडून चार, तीन, दोन आणि मागे डावीकडून पाच, सहा, एक असे जागांचे नंबर असतात) उंच उचलला जातो आणि तेथील एकच मुलगी तो मारते. समोरच्यांना हे पहिल्या काही गुणांतच उमगते. त्यानंतर चेंडू हवेत असतानाच त्यांच्या दोन मुली सावकाश सरकत तेथे येतात आणि ब्लॉकला, म्हणजे जाळीपाशी हात वर करून चेंडू अडवायला, उभ्या राहतात. मग आमची मुलगी जोर वाढवते आणि चेंडू एक तर जाळीत जातो, नाही तर थेट बाहेर.

तीन नंबरवरून जलद चेंडू मारण्याचा सराव घेऊन पाहिला, पण मारणारी आणि चेंडू यांची वेळ जुळत नाही. आमच्या मुली उंचीने बेताच्याच आहेत. अशा संघाला जलद आक्रमण शिकवण्यात वेळ घालवावा का? रांगेत उभे करून एकेकीला स्मॅश मारायला लावण्याची जी पद्धत आपल्याकडे सर्वत्र दिसते, तिचा सामन्यात कितपत उपयोग होतो? आणि दोन सेटर (मारणारीला चेंडू उचलून देणाऱ्या खेळाडू) ठेवून खेळणाऱ्या आमच्यासारख्या संघाने रचना बदलावी का? अनुभवी प्रशिक्षकांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : निवृत्त क्रीडाशिक्षक, निपाणी

मॅडम, प्रश्न आपण नेमका मांडला आहे, म्हणून उत्तरही विस्ताराने देतो.

रांगेच्या सरावापासून सुरुवात करू. त्या पद्धतीत सेटर जाळीपाशी स्थिर उभी असते, तिच्या हातात अलगद चेंडू फेकला जातो आणि तोच तोच उंच चेंडू प्रत्येकीला मिळतो. सामन्यात तसे कधीच घडत नाही. तेथे पास दोन मीटर मागे पडतो, सेटर धावत जाते, अंग वळवायलाही तिला वेळ नसतो, आणि जो चेंडू हवेत जातो तो मारणारीने पूर्वी कधी पाहिलेलाच नसतो. शिवाय बारा मुली रांगेत असल्या तर एकेकीच्या वाट्याला फार थोडे चेंडू येतात आणि उरलेला वेळ उभे राहण्यात जातो. म्हणून हा सराव फक्त हाताची फेक सुधारण्यापुरता आणि तोही पाच-सात मिनिटांपुरताच ठेवावा.

त्याआधी धाव तपासावी. उजव्या हाताने मारणाऱ्या मुलीची धाव तीन पावलांची: डावे, उजवे, डावे. पहिले पाऊल लहान, दिशा ठरवण्यापुरते. दुसरे, म्हणजे उजवे, लांब आणि जमिनीलगत. ते टाचेवर टेकावे आणि त्याच क्षणी दोन्ही हात मागे ताणलेले असावेत. तिसरे डावे पाऊल लगोलग उजव्याच्या किंचित पुढे पडावे आणि त्याचा चवडा थोडा उजवीकडे, सेटरच्या बाजूला वळलेला असावा, म्हणजे पुढे जाण्याचा वेग वर जाण्यात बदलतो आणि मुलगी जाळीवर आदळत नाही. आपल्या बहुसंख्य मुली याच्या उलट करतात: पहिले पाऊल मोठे टाकतात, शेवटी पावले तोकडी पडतात आणि उडी जागच्या जागी होते. फक्कीने मैदानावर तिन्ही पावलांच्या खुणा करून चेंडूशिवाय ही धाव रोज घ्यावी. पहिले पाऊल हळू आणि शेवटची दोन झटक्यात, ही लय पायात बसेपर्यंत चेंडू हातात देऊ नये.

वेळ जुळवण्यासाठी एक सराव मला सर्वांत उपयुक्त वाटतो. सेटरने चेंडू उंच द्यावा, मारणारीने पूर्ण धाव घेऊन उडी मारावी, मात्र चेंडू मारण्याऐवजी हात ताठ ठेवून तो वरच्या वर दोन्ही हातांनी झेलावा आणि त्याच स्थितीत खाली उतरावे. उतरल्यावर हात कोठे आहेत ते पाहावे. कपाळाच्या पुढे आणि वर असतील तर वेळ बरोबर. डोक्याच्या मागे गेले असतील तर ती लवकर निघून चेंडूखाली शिरली. छातीपाशी आले असतील तर उशीर झाला. प्रशिक्षकाला काही सांगावे लागत नाही, मुलीला स्वतःलाच कळते. चेंडूखाली शिरणे हा शालेय पातळीवरचा सर्वांत मोठा दोष आहे, आणि आपल्या मुलीचे चेंडू थेट बाहेर जातात त्याचे कारण बहुधा हेच असावे. ब्लॉक समोर आल्यावर घाईने ती आणखी लवकर निघत असणार.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती सांगतो. आपल्याकडच्या अनेक गावांत शूटिंग व्हॉलीबॉल खेळले जाते आणि मुले-मुली लहानपणापासून तोच खेळ पाहत असतात. दोन्ही मुठी जोडून चेंडू सपाट ढकलण्याची सवय अंगात आलेली असेल, तर मनगट चेंडूवर वळत नाही. त्यासाठी भिंतीचा सराव घ्यावा: भिंतीपासून चार-पाच मीटरवर उभे राहून उघड्या तळव्याने चेंडू जमिनीवर असा मारायचा, की तो आपटून भिंतीला लागावा आणि परत आपल्याकडे यावा. सलग मारत राहण्यासाठी चेंडूला पुढची फिरकी द्यावीच लागते.

उत्तर : क्लब प्रशिक्षक आणि माजी सेटर, बेळगाव

धाव आणि हात यांबाबत सरांनी जे लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. मी जलद आक्रमण आणि रचना या दोन मुद्द्यांवर लिहितो.

तीन नंबरवरच्या खऱ्या जलद चेंडूत मारणारी चेंडू पाहून निघत नाही. सेटरच्या हाताला चेंडू लागतो त्या वेळी ती जवळपास हवेत असते आणि सेटर तिच्या हातात चेंडू पोहोचवते. म्हणजे जबाबदारी सेटरची आणि त्याहीपूर्वी पास देणारीची असते. आपल्या मुली उंच चेंडूच्या सवयीने आधी पाहतात आणि मग निघतात, म्हणून गाठ पडत नाही. या वयात ती सवय एकदम मोडायला जाऊ नये. मधला टप्पा घ्यावा: चेंडू जाळीच्या वर साधारण एक ते दीड मीटर जाईल इतकाच उचलायचा आणि सेटरच्या हाताला चेंडू लागत असताना मारणारीचे पहिले पाऊल पडलेले असावे. असा चेंडू तीन नंबरवर आणि दोन नंबरवर दिला, तर समोरच्या ब्लॉकला सरकायला वेळ उरत नाही, आणि चूक झाली तरी चेंडू सावरता येतो.

उंचीचा प्रश्न जागतिक खेळातही याच मार्गाने सोडवला गेला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा जपानच्या महिलांनी जमिनीलगत लोळून चेंडू उचलण्याच्या बचावावर सुवर्णपदक मिळवले. पुढे १९७२ मध्ये म्युनिकला जपानच्या पुरुषांनी सुवर्णपदक जिंकले ते जलद चेंडू आणि फसव्या धावा यांच्या मिश्रणावर. एक खेळाडू जलद चेंडूसाठी उडी मारतो, ब्लॉक त्याच्याबरोबर उडतो आणि चेंडू क्षणभर उशिराने दुसऱ्याच्या हातात जातो. बेताच्या उंचीच्या संघाने याचा अभ्यास अवश्य करावा, पण दोन्ही ठिकाणी पाया चांगल्या पहिल्या पासचा होता, हे विसरून चालणार नाही.

म्हणून मुलींना पासची प्रतवारी शिकवा. सेटरला जागेवर, तिन्ही पर्याय उघडे ठेवणारा पास मिळाला तर तीन गुण. तिला दोन-तीन पावले हलावे लागले तर दोन. धावत जाऊन कसाबसा उंच चेंडू देता आला तर एक. चेंडू गेलाच तर शून्य. बाहेर बसलेल्या मुलीने वहीत हे मांडावे. मग नियम सरळ ठेवता येतो: तीनचा पास आला तरच मधला चेंडू द्यायचा, दोनचा आला तर चार किंवा दोन नंबर, आणि एकचा आला तर उंच चेंडू देऊन तो समोरच्या मैदानाच्या खोल कोपऱ्यात टाकायचा. हा निर्णय सेटरवर सोपवून तिला गोंधळात पाडण्यापेक्षा सगळ्या संघाला तो आधीच ठाऊक असावा.

रचनेबद्दल. आपण दोन सेटर ठेवता आणि पुढच्या रांगेतली सेटर चेंडू उचलते, असे गृहीत धरतो. त्यात पुढे मारणाऱ्या कायम दोनच उरतात. त्याच दोन सेटर समोरासमोर ठेवून मागच्या रांगेतल्या सेटरने पुढे येऊन चेंडू उचलला, तर पुढे मारणाऱ्या नेहमी तीन मिळतात आणि समोरच्या ब्लॉकला तिन्ही जागा सांभाळाव्या लागतात. यात जागांचा नियम नीट समजावून द्यावा. समोरच्या सर्व्हिसचा हात चेंडूला लागेपर्यंत एक नंबरवरच्या सेटरने दोन नंबरच्या खेळाडूच्या मागे आणि सहा नंबरच्या खेळाडूच्या उजवीकडे असले पाहिजे. हात लागला की ती मोकळी. एक नंबरवरून पुढे येणे सोपे, सहावरून बरे आणि पाचवरून सर्वांत अवघड, म्हणून पाच नंबरच्या फेरीचा सराव वेगळा घ्यावा. मागच्या रांगेतल्या सेटरला ब्लॉक करता येत नाही, आणि पुढच्या भागात असताना जाळीच्या वर पूर्णपणे असलेला चेंडू पलीकडे टाकता येत नाही. तालुक्याच्या सामन्यांत पंच हे बघतात.

उत्तर : प्रशिक्षक, चिकोडी

वरच्या उत्तराशी एका ठिकाणी माझा मतभेद आहे. एका तासाच्या सरावात, त्यातही पावसाळ्यात, मागच्या रांगेतून सेटर पुढे आणण्याची रचना या हंगामात बसवू नये. पास थोडा जरी बिघडला तरी सेटर वाटेतच अडकते आणि दोघींच्या मध्ये चेंडू पडतो. जी रचना मुलींच्या अंगवळणी पडली आहे तीच ठेवून पुढच्या दोघींच्या धावा बदला. चार नंबरची मुलगी एखादवेळी आत वळून तीन नंबरच्या जागी कमी उंचीचा चेंडू मारू शकते आणि दुसरी त्याच वेळी मोकळ्या टोकाकडे निघते. एवढ्यानेही समोरच्या दोघींना पाय रोवून उभे राहता येत नाही. तिसरा पर्याय हवाच असेल तर मागच्या रांगेतली एखादी जोरकस मुलगी तयार करावी. तिने जाळीपासून तीन मीटरवरच्या रेषेला पाय न लावता मागूनच उडी घ्यायची, खाली पुढे उतरली तरी चालते.

दुसरे, ब्लॉक समोर आला म्हणजे आक्रमण संपले असे मुलींना वाटू देऊ नका. ब्लॉक असताना कसे मारायचे हा स्वतंत्र सराव आहे आणि आपल्याकडे तो जवळजवळ कोणीच घेत नाही. जाळीच्या पलीकडे, जाळीपासून सुरक्षित अंतर ठेवून, एक बाक मांडावा. त्यावर दोन मुलींना हात वर करून उभे करावे आणि बाक धरायला तिसरी ठेवावी. मारणारीने कडेच्या रेषेजवळच्या हाताच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर चेंडू मारायचा, म्हणजे तो हाताला लागून मैदानाबाहेर जातो आणि गुण आपल्याला मिळतो. दोघींच्या हातांत फट दिसली तर तिच्यातून, ब्लॉक घट्ट असेल तर बोटांच्या टोकांनी ब्लॉकच्या मागे अलगद प्लेसिंग, आणि काहीच सुचले नाही तर जोर न करता ब्लॉकवर चेंडू टेकवून परत आपल्याकडे घ्यायचा व पुन्हा बांधणी करायची. समोरच्यांच्या ब्लॉकला लागून चेंडू परत आला की आपली मोजणी नव्याने सुरू होते, म्हणून त्या चेंडूवर आपल्याला पुन्हा तीन स्पर्श मिळतात. मात्र त्यासाठी आच्छादन हवे: मारणारीच्या भोवती तिघी गुडघ्यात वाकून जवळ आणि दोघी मागे. मारणारी उडाली की बाकीच्या पाच जणी पाहत उभ्या राहतात, हे चित्र आपल्या बहुतेक शाळांच्या सामन्यांत दिसते आणि कितीतरी गुण तिथेच जातात.

पलीकडच्या मैदानात एक आणि पाच नंबरच्या मागच्या कोपऱ्यांत खताची रिकामी पोती पसरून ठेवा. तेथे चेंडू टाकला की गुण. जोराची मोजणी करू नका, जागेची करा.

शेवटी उड्यांबद्दल कळकळीने लिहितो. कडक मातीवर या वयाच्या मुलींना रोज मनसोक्त उड्या मारायला लावल्या, तर गुडघ्याच्या वाटीखाली दुखणे सुरू होते, आणि ते अंगावर काढले तर हंगाम जातो. एका सत्रात एकीच्या चाळीसहून अधिक पूर्ण उड्या होऊ नयेत असे माझे मत आहे. उरलेला सराव पाय जमिनीवर ठेवून घ्यावा. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरण्याची सवय आधी लावावी. जाळीखालून पलीकडे गेलेल्या पायावर उतरल्याने घोटा मुरगळू शकतो, म्हणून सरावातही मधल्या रेषेबाबत ढिलाई नको. चेंडूचे वजन २६० ते २८० ग्रॅम असावे लागते. पावसात भिजून फुगलेला जुना चेंडू त्याहून जड होतो आणि खांद्यावर ताण आणतो. तो पाससाठीही वापरू नये.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. रचना या हंगामात न बदलता धावा बदलण्याचा विचार मला पटतो. दोन शंका उरतात. आमच्याकडे जून-जुलैत मैदान कित्येक दिवस वापरता येत नाही आणि शाळेच्या व्हरांड्याचे छत ठेंगणे आहे. त्या काळात सेटर कशी घडवावी? दुसरे, आपल्या भागातल्या बहुतेक संघांना मराठी आणि कानडी दोन्ही कळते, त्यामुळे सेटरने ओरडून सांगितलेले सगळे समोरच्यांनाही समजते. यावर उपाय काय?

उत्तर : क्लब प्रशिक्षक आणि माजी सेटर, बेळगाव

चिकोडीच्या सरांचा मुद्दा मान्य आहे. तासाभराच्या सरावात त्यांची सूचनाच अधिक व्यवहार्य ठरते. माझी रचना पुढच्या वर्षासाठी ठेवा.

व्हरांड्यात सेटरला जमिनीवर बसवून चेंडू द्या. बसल्यामुळे छताखालीही चेंडूला पुरेशी उंची मिळते आणि पायांची मदत नसल्याने सगळे काम बोटांना आणि मनगटांना करावे लागते. दोन्ही तळहात कपाळाच्या वर, अंगठे एकमेकांकडे वळलेले, आणि चेंडू तळव्याला न लागता बोटांच्या गाद्यांवर यावा. ते जमले की उभे राहून निर्णयाचा सराव घ्या. सेटरच्या समोर चार पावलांवर एक मुलगी ब्लॉकर म्हणून उभी करा. सेटरकडे चेंडू येत असताना ती डावीकडे किंवा उजवीकडे एक पाऊल सरकेल आणि सेटरने चेंडू विरुद्ध दिशेला द्यायचा. सुरुवातीला सेटर चेंडूवरची नजर काढायलाच घाबरते, म्हणून चेंडू आधी उंच आणि सावकाश फेकावा व हळूहळू कमी करत आणावा. मागे चेंडू देतानाही शरीराची ठेवण पुढे देतानासारखीच राहिली पाहिजे. पाठीची कमान आधीच झाली तर समोरची हुशार मुलगी ते ओळखते. त्याच वेळी उरलेल्या मुलींनी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला धावेच्या खुणांवर पावले घ्यावीत, उड्या न मारता.

खुणांसाठी बोटे वापरा. सर्व्हिसपूर्वी सेटरने पाठ समोरच्या संघाकडे करून पोटाजवळ बोटे दाखवायची: एक बोट म्हणजे तीन नंबरवर कमी उंचीचा चेंडू, दोन म्हणजे चार नंबरच्या मुलीने आत वळायचे, मूठ म्हणजे नेहमीचा उंच चेंडू. पास बिघडला तर खूण आपोआप रद्द आणि उंच चेंडू. तीनपेक्षा जास्त खुणा या वर्षी देऊ नका. तोंडाने ओरडायचे ते फक्त मारणारीने, आपण तयार आहोत हे सेटरला कळावे म्हणून. आणि चेंडू आपल्याकडे येणार नाही हे ठाऊक असतानाही तिने तितक्याच जोराने ओरडून पूर्ण धाव घेतली पाहिजे. समोरची ब्लॉकर आवाजाला आणि पावलांना फसते, त्यामुळे अर्धवट धाव घेतली की सगळी योजना उघडी पडते.

मैदान मिळालेल्या दिवशी तासाची शेवटची वीस मिनिटे सहा विरुद्ध सहा खेळवा, पण गुणांकन बदला: चार नंबरच्या उंच चेंडूवर मिळालेल्या गुणाला एक, मधून, आत वळून किंवा मागच्या रांगेतून मिळालेल्या गुणाला दोन, आणि ब्लॉक होऊन परत आलेला चेंडू उचलून पुढे गुण मिळवला तर तीन. प्रत्येक डाव सर्व्हिसनेच सुरू करा, हाताने फेकलेल्या चेंडूने नाही, नाही तर पासचा कस लागत नाही. लिबेरो (मागच्या रांगेत फक्त बचावासाठी खेळणारी खेळाडू) खेळवत असाल तर याच वेळात तिला एक गोष्ट घोटवून द्या: तीन मीटरच्या पुढच्या भागात उभे राहून तिने बोटांनी चेंडू उचलला, तर तो जाळीच्या वर असताना कोणालाही मारता येत नाही. त्या भागात तिने अंडरहँडनेच चेंडू द्यावा, किंवा रेषेमागे थांबावे.